गिरजाला बसवायचं होतं

मुगाच्या शेंगा बाजारात दिसायला लागल्या की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना हे आता पाठ झालंय. भाजीवाली हिरव्या शेंगांची पाटी घेऊन फाटकाशी आली की सून तिला हातानंच पुढं जायला सांगते. परवा मात्र फाटकात मीच उभा होतो. बाईनं मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "कवळ्या हायेत काका, खाऊन तर बघा." शेंगांवरची बारीक लव तळहाताला टोचली. मी त्या तिच्या पाटीत परत टाकल्या आणि घरात येऊन पडून राहिलो.

नेमका त्याच संध्याकाळी गौतमच्या मुलीचा फोन आला. गौतम माझा मावसभाऊ. त्याची मुलगी पुण्यात हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकते. पोरगी हुशार आहे, बोलायला लागली की थांबत नाही. "काका, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत ना? तुमच्या वेळी सिलॅबस काय होता?" मी म्हटलं, "फिनेल." ती खळखळून हसली. मग म्हणाली, मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात कसा द्यायचा यावर त्यांना एक धडा आहे, लहानसाच, परीक्षेला फारसा येत नाही. त्या धड्यात काय काय आहे ते मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बोलावं लागलं असतं, आणि फोनवर बोलण्यासारखं ते नाही.

आमच्या वेळी या कामाला धड नावही नव्हतं. तालुक्याच्या गावातलं सरकारी रुग्णालय. त्यात डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर, वॉर्डबॉय आणि उरलेल्या सगळ्याला मिळून मी. टाकीत पाणी आहे का, जनरेटरला डिझेल आहे का, धोब्यानं चादरी आणल्या का, रात्रपाळीची सिस्टर आली का, पलंग कमी पडले तर सतरंज्या कुठून आणायच्या, मुडदेघराची किल्ली कुणाकडे. कागदावर हुद्दा काहीही असो, सगळे मला बाबू म्हणत. डॉक्टर व्हायचं स्वप्न मीही पाहिलं होतं. मार्कांनी ते मोडलं. मग मनाची समजूत घातली की माणूस बरा करता नाही आला तरी ज्या जागी तो बरा होतो ती जागा तर नीट ठेवता येईल. पुढं परीक्षा दिल्या, बढत्या घेतल्या, दारावर प्रशासकीय अधिकारी अशी पाटी लागली. पण अजूनही लग्नकार्यात कुणी विचारतं, "तुम्ही डॉक्टर का?" आणि मी नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याचा मला अजून राग येतो.

वडिलांचाही उतरला होता. ते पूर्ण्याला रेल्वेत गँगमन होते. पोरगा दवाखान्यात लागला म्हणून त्यांनी सगळ्या वस्तीत पेढे वाटले आणि मग मला बघायला आले. व्हरांड्यातल्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले. "सुई देतूस का?" नाही. "गोळ्या?" नाही. "मग करतूस काय रं?" मी त्यांना पाण्याची टाकी दाखवली, ऑक्सिजनची सिलिंडरं दाखवली, नव्यानं लावून घेतलेले दिवे दाखवले. ते सगळं बघून म्हणाले, "म्हंजी माझ्यासारखंच. गाडी दुसराच चालवतो, आपुन रूळ बघायचे." मला ते तेव्हा लागलं. आज वाटतं, माझ्या कामाबद्दल इतकं सरळ दुसरं कुणी बोललं नाही.

मुगाचे दिवस म्हणजे आमच्याकडं सापाचे दिवस. पोळा होऊन गेलेला असतो, पावसानं उघडीप दिलेली असते आणि भादव्याचं ऊन पाठ भाजून काढतं. मुगाच्या शेंगा काळ्या पडतात. उन्हात त्या तडकतात म्हणून बाया दिवस उगवायच्या आधी, दंव असतानाच तोडायला जातात. गुडघ्याएवढ्या पिकात वाकायचं, पानाखाली हात घालायचा, शेंग खुडून कमरेला खोचलेल्या पदराच्या ओट्यात टाकायची. पानाखाली काय आहे ते दिसत नाही. सकाळी ऊन चढायची वेळ झाली की दवाखान्याच्या आवारात बैलगाड्या यायला लागायच्या. गाडीत बाई आडवी, पायाला नाहीतर मनगटाला सुतळी आवळलेली, तोंडात कडुनिंबाचा पाला. पाला कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं, अशी समजूत. त्या पाल्याच्या चवीत आणि देवाच्या पारावर निम्मा वेळ गेलेला असायचा. बाईच्या ओट्यात शेंगा तशाच असायच्या. तपासणीच्या खोलीत त्या फरशीवर सांडायच्या आणि झाडूवाली बाई फिनेलच्या पोच्यानं त्या गोळा करायची. फिनेल आणि हिरवा मूग यांचा मिळून एक वास होतो. तो ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल.

काही वाचायच्या. वाचलेली बाई दुसऱ्या दिवशी पलंगावर उठून बसे आणि पहिला प्रश्न विचारे, मूग तोडून झाला का. मला हसू यायचं. गिरजा वाचली नाही.

पिंगळीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून तिला आणलं होतं. विशीतली पोर, कपाळावर भस्माचा फिकट पट्टा, गळ्यात दोऱ्याला लिंग. बरोबर तिचा नवरा मन्मथ, सासरे विश्वनाथअप्पा आणि सासू. लिंगायत वाण्याचं घर, शेती थोडीशी, जोडीला गावात किराणा. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते औषध दिलं. तिच्या पापण्या आधी जड झाल्या, मग मान, मग श्वास. नागाच्या विषाचं तसंच असतं, माणूस जागा असतो आणि एकेक दार बंद होत जातं. दुपार कलायच्या आत ती गेली. मन्मथ भिंतीला डोकं लावून खाली बसला तो बसलाच.

आमच्या वॉर्डाची एक पद्धत होती. माणूस गेला की डोळे मिटायचे, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारायची, हात सरळ करायचे, पाय जुळवून अंगठे बांधायचे आणि वर पांढरी चादर. वॉर्डबॉय हे इतक्या सवयीनं करायचा की त्याला बघावंही लागायचं नाही. मायेनंच करायचा. त्यानं गिरजाचे पाय जुळवले आणि अंगठ्यांना पट्टी बांधायला घेतली, तोच म्हातारा ओरडला, "बांधू नका! अहो, बांधू नका! बसवायचंय तिला!"

वॉर्डबॉयला काही उमगेना. मला उमगलं. मी शाळेला मानवतला वसतिगृहात होतो. तिथल्या बाजारपेठेतून लिंगायतांची अंत्ययात्रा जाताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पळत सुटलो होतो. फुलांनी सजवलेल्या मखरात मेलेला माणूस मांडी घालून बसलेला, कपाळभर भस्म, डाव्या तळहातावर लिंग, पुढं शंख. त्यांच्यात जाळत नाहीत. बसलेल्या माणसाला तसंच मातीत बसवतात, पूजेला बसल्यासारखं. आणि माणूस गेल्यावर अंग ताठायला लागायच्या आत त्याला मांडी घालून द्यावी लागते. एकदा का आडवा ताठला की मग गुडघे मोडल्याशिवाय बसत नाही. त्या म्हाताऱ्याच्या ओरडण्यात हे सगळं होतं. मी वॉर्डबॉयला पट्टी सोडायला सांगितली.

पण बसवायचं तर कसं? साप चावून मेलेलं माणूस म्हणजे पोलीस केस. पोलिसांचा पंचनामा होईस्तोवर अंगाला हात लावायचा नाही, पंचनामा झाला की शवविच्छेदन, आणि दिवस बुडाल्यावर शवविच्छेदन होत नाही. म्हणजे आज दिवस असेतोवर पोलीस आला नाही तर गिरजा रात्रभर मुडदेघरातल्या फरशीवर आडवी पडणार आणि सकाळी लाकडासारखी मिळणार. डॉक्टर वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाबू, पोलीस आणा, मी जेवायलाही जात नाही. पण त्याआधी मला काही करायला सांगू नका."

पोलीस कुठून आणायचा? त्या दिवशी नामांतराचा मोर्चा होता. बाजार बंद, एस.टी. बंद, ठाण्यातला प्रत्येक माणूस चौकात बंदोबस्ताला. ती वर्षंच तशी होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं एवढी एक गोष्ट, आणि तिच्यापायी गावंच्या गावं दुभंगली होती. दंगलीत माझ्या मावशीचं घर जळालं. गाव बघत उभं होतं. विझवायला कुणी तांब्याभर पाणी आणलं नाही. ती तिच्या पोराला, गौतमला, घेऊन पूर्ण्याला माझ्या वडिलांकडं आली आणि मला नोकरी लागल्यावर दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत राहायला आली. माझा स्वयंपाक तीच करायची. त्या दिवशी मोर्चाच्या पहिल्या रांगेत गौतम होता. मलाही तिथंच असायचं होतं. सरकारी नोकर म्हणून मी नव्हतो.

विश्वनाथअप्पांनी माझा हात धरला. "साहेब, पोरगी गेली ती गेली. तिला आडवी नका जाऊ देऊ. लेकीसारखी हुती माझ्या." मी सायकल काढली.

चौकात ऊन नुसतं ओतत होतं. निळे झेंडे, घोषणा, समोर लाठ्या घेतलेली पोलिसांची रांग. मी फौजदारांना सगळं सांगितलं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "एका मयतासाठी बंदोबस्त मोडू का? उद्या या." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हातानंच मला बाजूला व्हायला सांगितलं. तेवढ्यात गौतमनं मला पाहिलं आणि रांगेतून पुढं आला. "दादा! आलास का शेवटी?" मी म्हटलं, "मला एक जमादार पाहिजे." तो मोठ्यानं हसला. "आमी इथं लाठ्या खायला उभे, अन् तुला जमादार पाहिजे?"

मी त्याला गिरजाचं सांगितलं. तिला बसवायचंय, दिवस कलतोय. त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "आईचं घर पेटलं तवा कोण आलं हुतं, दादा?" मला उत्तर ठाऊक होतं आणि त्यालाही. त्यानं पायाखालच्या रस्त्याकडं पाहिलं. मग वळला आणि हात वर करून त्यानं मोर्चाला खाली बसायला सांगितलं. उन्हानं तापलेल्या त्या डांबरावर माणसं बसली, बाया बसल्या, लेकरं मांडीवर घेऊन बसल्या. गौतम फौजदारांना म्हणाला, "साहेब, आमी हितून हलत न्हाई. तुमचा माणूस परत येईस्तोवर घोषणासुदिक देत न्हाई. जाऊ द्या एकाला." फौजदारांनी बसलेल्या माणसांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि एका जमादाराला खूण केली. जमादार अंगानं भरदार होता. त्याला सायकलवर डबलसीट घेऊन मी दवाखान्यापर्यंत आलो. चढावर दोघंही उतरून ढकलत होतो. एरवी मी या गोष्टीवर लोकांना हसवलं असतं.

पंचनामा झाला. डॉक्टर खरंच जेवायला गेले नव्हते. मुडदेघराच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं तेवढ्यात त्यांनी आपलं काम उरकलं, टाके नीट घातले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "गुडघे वळतात अजून. लवकर करा." मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. एक पोर मेली होती आणि मी परीक्षा पास झाल्यासारखा उभा होतो. पण खोटं कशाला सांगू, त्या घडीला मला माझं काम पहिल्यांदा कळलं. सुई नाही, गोळी नाही, आणि तरी या माणसांना जे हवं होतं ते मी मिळवून आणलं होतं.

मागच्या ओट्यावर त्यांनी तिला आणलं. सासूनं ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, कपाळाला भस्म लावलं. मन्मथनं तिचे पाय दुमडले. आखडायला लागले होते, पण वळले. बसवलेल्या अंगाला दोन्हीकडून आणि पाठीमागून आधार लागतो. मन्मथच्या अंगात बळ राहिलं नव्हतं, म्हातारा थकलेला. मी पुढं झालो आणि मागून तिचे खांदे धरले. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. अप्पा माझ्याकडं बघून रडत रडत म्हणाले, "साहेब, तुमी देवमाणूस हायसा."

जमादार चौकात परत निघाला होता. जाता जाता तो थांबला आणि अगदी चांगल्या मनानं म्हणाला, "अप्पा, उपकार ह्यांचेच माना. मोर्चा ह्यांच्याच लोकांचा. ह्यांचा भाऊ पुढारी हाय. त्यानं माणसं उन्हात खाली बसवली म्हून मी येऊ शकलो."

तो गेला. सासूनं पदर आवरून घेतला. अप्पांनी माझ्या हातांकडं पाहिलं. गिरजाच्या खांद्यांवर होते त्या हातांकडं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, लय केलं तुमी. आता आमचं आमी करतो."

मी मन्मथकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी हात काढले. हळूच काढले, अप्पांचे हात तिथं पोचतील म्हणून. ते पोचले नाहीत. गिरजा डावीकडं कलली आणि मन्मथच्या हातातून सुटून तिचं कपाळ ओट्याच्या दगडावर आपटलं. सासू किंचाळली. मी धावलो आणि अप्पांनी हाताचा पंजा आडवा धरला, माझ्याकडं न बघता. मी तिथंच उभा राहिलो. दोन पावलांवर. त्या दोघांनी तिला पुन्हा उचललं, पुन्हा बसवलं, पुन्हा ती घसरायला लागली. शेवटी अप्पांनी आपलं उपरणं काढून तिच्या काखेतून घेतलं आणि तिला ओट्याच्या खांबाला बांधलं. मग तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. कपाळावर आपटल्याची खूण होती, तिच्यावर आणखी भस्म लावलं. दिवस मावळताना तिला बैलगाडीत घालून ते गेले. गाडीत ती बसलेली होती, नवऱ्याच्या छातीला टेकून, पाठीमागून उपरण्यानं बांधलेली. जाताना अप्पांनी पुन्हा हात जोडले. तो माणूस वाईट नव्हता हे मला तेव्हाही दिसत होतं आणि त्यामुळंच मला आजही त्याला माफ करता येत नाही.

पुढं मोठमोठ्या दवाखान्यांत कामं केली. माझ्या हाताखाली माणसं होती. प्रत्येक ठिकाणी मी एक गोष्ट घालून दिली: माणूस गेला की अंगठे बांधायच्या आधी घरच्यांना विचारायचं, तुमच्यात कसं करतात. तरुण डॉक्टर कंटाळायचे. सिस्टर म्हणायच्या, बाबूंचं काहीतरीच. पण विचारायच्या. यात माझा मोठेपणा काही नाही. मयताच्या दारात माणसाची सगळ्यात जास्त अडवणूक होते आणि तिथं उभं राहणारा कुणीतरी लागतो, एवढंच मला कळलं होतं. दार उघडून देणाऱ्याला आत घेतातच असं नाही, हेही त्याच दिवशी कळलं. विद्यापीठाच्या पाटीवर अखेर नाव लागलं तेव्हा गौतमनं मला मिठी मारली. मी रडलो. पण त्या मिठीतही मला माझे हात रिकामे वाटले.

गिरजा गेली त्या संध्याकाळी मी खोलीवर गेलो तेव्हा मावशीनं भाकरी टाकून ठेवल्या होत्या. गौतम आला होता, दिवसभराच्या उन्हानं काळवंडलेला. पाय धुऊन ताटावर बसत त्यानं विचारलं, "मग? बसली का ती?"

मी सगळं सांगितलं. तो ताडकन उठला. "लेकराबाळांसगट डांबरावर बसलो आमी तिच्यासाठी! अन् तुझा हात चालला न्हाई त्यास्नी?" तो भिंतीवर मूठ आपटत राहिला. मी त्याला आवरलं नाही. तो बोलत होता ते सगळं मलाच बोलायचं होतं.

मावशी चुलीपुढं बसली होती. तिचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. तिनं मला विचारलं, "पडली तवा लागलं का रं तिला?"

"कपाळाला लागलं."

"मेलेल्या माणसाला काय लागतंय, आई!" गौतम म्हणाला.

मावशी उठली. माझ्या ताटातली भाकर तिनं उचलली, गौतमच्या ताटातली उचलली आणि दोन्ही टोपल्यात ठेवून वर फडकं टाकलं. चुलीतली लाकडं मागं ओढून त्यांवर पाणी शिंपडलं. खोलीभर धूर झाला.

"आता काय झालं?" गौतमनं विचारलं.

"मयत हाय," ती म्हणाली.

"कुणाचं? त्यांचं? त्यांनी दादाला शिवू दिलं न्हाई, अन् तू सुतक धरतीस?"

"त्यांनी काय केलं ते त्यांच्यापाशी," मावशी म्हणाली. "पोरीनं तर न्हाई ना म्हणलं शिवू नका म्हून."

गौतमनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि आपलं रिकामं ताट बाजूला सारलं. त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही.